शरीराला शरीर मानत नाही

माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं, की मी मेथीची जुडी घेतानासुद्धा भाजीवालीची उलटतपासणी करते. खोटं नाही ते. नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, अवयव प्रत्यारोपणाच्या विभागात मी कोऑर्डिनेटर आहे. नाव भारदस्त, पण काम एकच: संशय घ्यायचा. कुणी आपली किडनी दुसऱ्याला द्यायला निघालं की ते का देतंय, खुशीनं देतंय की कुणी मानेवर पाय ठेवलाय, मागून पैसा तर फिरत नाही, हे मी खोदून खोदून विचारते. कापायचं काम सर्जन करतात. त्यांचे फोटो पेपरात येतात. माझ्या वाट्याला येतात ती लोकांची तोंडं, आणि तोंडं काय, वाट्टेल ते बोलतात.

त्या दिवसांत आमच्या विभागाच्या ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. किडनी सर्जनांची परिषद नागपुरात भरणार होती. कुणाचा सत्कार, कुणाचं भाषण, जेवणात सावजी ठेवायचं की साधं, सगळी चर्चा तिथेच. आमचे सर नात्यातल्या दात्यांवर बोलणार होते आणि भाषणात दाखवायला त्यांना एक ताजी, गोंडस केस हवी होती. ती मिळालीही होती. भावजय दिराला किडनी देणार! "मेश्राम मॅडम, तुमच्याच भंडारा जिल्ह्यातली केस आहे," सर म्हणाले, "कोंढ्याला एक चक्कर टाका आणि जरा लवकर आटपा."

लवकर आटपा म्हटलं की माझे कान टवकारतात.

आईबाप, भावंडं, नवराबायको, मुलं यांच्यातलं कुणी देत असेल तर कायदा फारशी खळखळ करत नाही. भावजय मात्र त्या यादीत बसत नाही. तिला मंजुरी देणाऱ्या समितीपुढे यावं लागतं, आणि समितीपुढे येण्याआधी मी तिच्या घरी जाऊन बघते की हे प्रेम आहे की दडपण. माझा अनुभव विचाराल तर सून देते तेव्हा दहातल्या आठ वेळा दडपणच असतं.

शिवाय या घराचं एक गुपित मला आधीच ठाऊक होतं.

पेशंट भूपेंद्र डोंगरवार. पवनीला मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा तरणा मुलगा. दोन्ही किडन्या गेलेल्या, डायलिसिसवर दिवस काढत होता. बाप नव्हता. आई शकुनबाई म्हातारी, रक्तदाबाची. मोठा भाऊ इश्वर, त्याला साखर. राहिली बहीण गुड्डी, लाखांदूरला दिलेली. भर पावसाळ्यात ती माझ्या खोलीत येऊन बसली होती. रक्तगट जुळत होता, बाकीचंही सगळं जुळत होतं. मी दार लावून घेतलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मनापासून द्यायची आहे ना?"

ओढणी तोंडात कोंबून ती रडायला लागली. "मले नाई द्याची जी. मले लय भेव वाटते. पण मायले कसं सांगू?"

अशा वेळी आम्ही काय करतो, ते आम्ही बाहेर बोलत नाही. देणाऱ्याला नाही म्हणायचा हक्क आहे, पण घरात नाही म्हणणारी पोरगी पुढे त्या घरात तोंड दाखवू शकत नाही. म्हणून तिचं 'नाही' आम्ही आमच्या अंगावर घेतो. मी शकुनबाईला आत बोलावलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "शरीराला शरीर मानत नाही आहे, आई. यात कुणाचाही दोष नाही."

हे वाक्य माझं स्वतःचं आहे. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. चष्मा काढून ते म्हटलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत. आईच्या मागे उभ्या गुड्डीनं मला डोळ्यांनीच हात जोडले होते.

गुड्डीचं ते 'नाही' आम्ही झाकलं आणि ओझं घसरत घसरत आलं ते सुनेवर. वड्याचं तेल वांग्यावर. लेकीला वाचवायचं आणि सुनेला पुढे ढकलायचं, असं या घरात ठरलेलं दिसतंय, असा माझा पक्का ग्रह होता. सुनेच्या शेवटच्या तपासण्यांचा निकाल माझ्या पर्समध्ये होता. तिचं बसत होतं, म्हणजे किडनी जुळत होती. पण बोलणं होईपर्यंत आम्ही निकाल कुणालाच सांगत नाही, आणि का सांगत नाही ते आता तुम्हाला कळलंच असेल.

मी मूळची शहापूरची. आदल्या दिवशी माहेरी मुक्काम केला आणि सकाळच्या एसटीनं कोंढ्याला उतरले. धानाची कापणी उरकली होती. बांध्यांमध्ये नुसते खुंट उभे होते आणि घराघरामागे धानाचे पुंजणे रचलेले. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नाटकांची पोस्टरं एकावर एक चिकटली होती, रडणारी बाई आणि बंदूकवाला पाटील. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत माणसं दिवसा काम करतात आणि रात्री नाटक बघतात. झोप कधी काढतात, ते मला आजवर कळलेलं नाही.

डोंगरवारांच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती. भूपेंद्र खाटेवर पडून होता. चेहरा सुजलेला, हातावर सुयांच्या गाठी. "या जी मॅडम," म्हणत तो उठायला लागला. मी त्याला पडूनच राहायला सांगितलं. इश्वरनं पाणी आणलं. "बसा जी, उनाचं आल्या. आमी गाडी पाठोली असती."

मी सगळ्यांना आत पाठवलं, भूपेंद्रची खाट मागच्या पडवीत न्यायला लावली आणि इश्वरला समोर बसवलं. "तुमची बायको किडनी देते आहे. का देते आहे?"

इश्वरनं घसा खाकरला. छाती पुढे काढली. आणि हा घडीभरापूर्वी 'उनाचं आल्या' म्हणणारा माणूस म्हणाला, "माझ्या पत्नीने हा निर्णय कोणत्याही दबावाशिवाय, पूर्ण स्वखुशीने घेतलेला आहे. तिची माझ्या भावावर आईसारखी माया आहे."

मी पेन खाली ठेवलं. त्याला आत पाठवून शकुनबाईला बोलावलं. म्हातारीनं पदर सारखा केला, आढ्याकडे बघितलं आणि सुरू झाली. "माझ्या सुनेने हा निर्णय कोणत्याही दबावाशिवाय..." स्वखुशी अडखळली, पण आली. आईसारखी मायाही आली.

आता माझी खात्रीच पटली. खरं बोलणाऱ्या घरात एक म्हणतो सोमवारी ठरलं, दुसरा म्हणतो छे, बाजाराच्या दिवशी, आणि तिसरा म्हणतो मला तर कुणी विचारलंच नाही. सगळ्यांचं एकसारखं येतं तिथे पाणी मुरत असतं.

मग सून आली. देवांगना. चाळिशीच्या आतली, उन्हानं रापलेली, धानाची कुसं लुगड्याला चिकटलेली. माझ्याकडे न बघता ती समोरच्या भिंतीशी बोलायला लागली. "तो मला माझ्या लहान भावासारखा आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा तो... तेव्हा तो..."

थांबली. ओठ हलत होते, शब्द नव्हते.

"तेव्हा तो शाळेत जात होता," दाराआडून कुणीतरी हळूच म्हणालं.

"तेव्हा तो शाळेत जात होता," देवांगना म्हणाली.

मी ताडकन उठले आणि दाराचा पडदा ओढला. पडद्यामागे गुड्डी बसली होती. माझी नि तिची नजर भेटली आणि तिचा चेहरा असा उतरला की काय सांगू. दिवाळीला माहेरी आलेली लेक. स्वतःचं 'नाही' माझ्या पदरात टाकून निघून गेलेली, आणि आता वहिनीला एकेक वाक्य पुरवत बसलेली!

"हे काय चाललंय?" मी ओरडलेच. "ही काय शाळा आहे?"

"वैनी भुलते म्हनून..." गुड्डी पुटपुटली.

सगळे सपरीत जमा झाले. इश्वर मान खाली घालून उभा. शेवटी तोच बोलला. "खरं सांगतो जी. डायलिसिसच्या वार्डात एक जन भेटला होता. नवऱ्याचं बोलनं येगळं, बायकोचं येगळं, म्हनून साहेब लोकाईनं त्याची केस फेकून देली म्हने. आमाले बोलता येत नाई जी शहरासारखं. मंग हिरालालभाऊले सांगतलं, आमची तालीम घेऊन द्या."

हिरालालभाऊ म्हणजे गावच्या नाट्य मंडळाचा दिग्दर्शक, शेजारच्याच घरातला. तो कुंपणापलीकडे कान देऊन उभाच होता. खांद्यावर दुपट्टा टाकून लगेच आत आला. "कसं झालं जी? इश्वर वाक्य लय ओढते. मी दहा डाव सांगतलं त्याले. अना देवांगना आवाज टाकत नाई. प्रॉम्प्टर ठेवल्याबिगर तिचं जमतच नाई, म्हनून गुड्डीले बसोलं."

हसावं की डोकं आपटावं? इथली माणसं प्रॉम्प्टरवर रात्रभर नाटक करतात, तर किडनीच्या मुलाखतीला प्रॉम्प्टर का नको? त्यांच्या हिशेबानं ते बरोबरच होतं. पण माझ्या धंद्यात पढवलेला दाता म्हणजे दबलेला दाता. समितीपुढे हे असं झालं असतं तर सगळे साहेब खुर्च्या मागे सरकवून उठून गेले असते आणि भूपेंद्रची केस तिथेच संपली असती.

"मॅडम, रागावू नोका," शकुनबाई काकुळतीला आली. "पोरगा जाईन माया. गुड्डीचं तं जमलं नाई. तुमीच सांगतलं होतं ना, चष्मा काढून, अश्या." म्हातारीनं नाकावरून नसलेला चष्मा उतरवला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाली, "शरीराला शरीर मानत नाही आहे, आई. यात कुणाचाही दोष नाही."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. हे घर पाठांतरात वस्ताद होतं. मी गुड्डीकडे बघितलं. ती जमीन उकरत होती.

"मला देवांगनाशी एकटीशी बोलायचं आहे," मी म्हणाले. "आणि एकटीशी म्हणजे एकटीशीच. कुंपणावर कुणी दिसलं तर मी आल्या पावली परत जाईन."

घरामागच्या सांदवाडीत पुंजण्याच्या सावलीला आम्ही दोघी बसलो. समोर बांध्या, त्यापलीकडे बोडीचं पाणी चमकत होतं. इथे शहरी बोलून चालणार नव्हतं. मीही शहापूरची भाषा काढली.

"हे पाय देवांगना, इथं नवरा नाई, सासू नाई, हिरालाल नाई. तू सांगशीन ते मायापाशीच राहीन. तुले द्याची हाये का नाई?"

तिनं लुगड्यावरचं एक कूस उपटलं.

"भेव वाटत असन तं तसं सांग. घरचे मांगं लागले असन तं तसं सांग. तुले नाई म्हनाचं काम नाई. मी म्हनन. मी घरात जाऊन सांगन..." आणि सवयीनं माझा हात चष्म्याकडे गेला, सवयीनंच तोंडातून ते निघालं. "शरीराला शरीर मानत नाही आहे. यात कुणाचाही दोष नाही."

देवांगना लुगड्यावरची कुसं वेचत होती. तिची बोटं थांबली.

"हे तं गुड्डीचं वाक्य हाये," ती म्हणाली.

लोक गप्प बसले की त्यांना पकडायचं, हे माझं कसब. आज मीच गप्प बसले होते आणि समोरची बाई मला वाचत होती. हिरालालनं तिला कितीही मंद ठरवलं असो, मंद ती मुळीच नव्हती.

"म्हनजे तिचं बी..."

"मले कोनाचं काही सांगता येत नाई, देवांगना."

"नोका सांगू." तिनं बोडीकडे तोंड फिरवलं. बोलली तेव्हा आवाज चढला होता. "दिवाळीपासून रोज सांजच्यानं ती मायी तालीम घेऊन राहिली. भुलली का चिडते. 'वैनी, नीट म्हना, माया भावाचा जीव हाये' म्हनते. मायाच जवळ बसून! मी पोट कापून देईन अना ही मले शब्द देईन!"

तिचा राग खरा होता आणि मला तो पटला. पण पोट भरून राग आलेली माणसंही खोटं बोलतात. "मंग तुले नाई द्याची," मी म्हणाले. "राग आला तं आला. तुया हक्क हाये."

"मी कवा म्हनलं नाई द्याची?" ती माझ्यावरच खेकसली. "मायी पोरगी झाली तवा मी पवनीच्या दवाखान्यात होती. पोरगी झाली म्हनून बुढी आली नाई. मालक बी आला नाई. तिसऱ्या दिवशी हा भूपेंद्र सायकलनं आला. शाळेचा ड्रेस होता आंगात. डब्बा घेऊन आला. सोताच भात शिजोला होता. खालून करपला, वरून कच्चा. वरनात मीठ नाई. समोर बसून राहिला, वैनी कसं झालं म्हने. मी दातानं चावू चावू सप्पा डब्बा खाल्ला. अजून सांगतलं नाई त्याले, कच्चा होता म्हनून."

तिनं पदरानं नाक पुसलं.

"हे काहून नाई सांगतलं मघा?"

"हिरालालभाऊले सांगतलं होतं. तो म्हने याच्यात दम नाई, समितीले रडू आलं पायजे. आईसारखी माया म्हन."

मला त्या हिरालालचा असा संताप आला! आणि आमचाही. 'दबाव', 'स्वखुशी', 'माया'. हे शब्द शेवटी आमच्याच कागदांतून उचलून लोकांनी पाठ केलेले असतात. इतक्या वर्षांत मी ऐकलेल्या सगळ्या मायांपेक्षा तो कच्चा भात मला खरा वाटला. माझं काम झालं होतं. घरात जावं, निकाल सांगावा, सरांना फोन करावा.

"चाल," मी उठले. "तुयं बसते, देवांगना. आताच सांगतो सगळ्याईले."

"नाई," ती बसूनच होती. "आज तसं नाई सांगाचं. आज ते गुड्डीचं वाक्य बोला. सगळ्याईसमोर. चष्मा काढून."

"कायले?"

"तिले 'नाई' म्हनासाठी तुमी जागा देली. आता 'हो' म्हनासाठी मी देऊन राहिली. पाहू ना, घेते का."

"अना नाई घेतली तं?"

"तं उद्या सांगजा, मशीन चुकली होती म्हना. मी देईन. तुमाले बोलता येते ना चांगलं."

टोमणा बरोबर बसला. घरात एक मुलगा पडवीत पडून होता, त्याच्या जिवाची अशी परीक्षा लावायची? आणि मनात पालही चुकचुकली. ही बाई मला गुंडाळून स्वतःच सुटायला तर बघत नाही? कच्चा भात वगैरे सगळं खरं, पण उद्या ती हो म्हणेलच याचा काय भरवसा? मात्र आमचा नियम असा, की दाता म्हणाला 'नाही सांगा', तर कारण न विचारता 'नाही' सांगायचं. मी नियमाच्या आड उभी राहिले. पण खरं सांगायचं तर गुड्डी काय करते ते मलाही बघायचं होतं.

सपरीत सगळे वाट बघत होते. भूपेंद्रची खाट परत आणली होती. गुड्डी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मी खुर्चीवर बसले. चष्मा काढला आणि समोरच्या स्टुलावर ठेवला.

"देवांगनाच्या तपासणीचा निकाल आला आहे," मी म्हणाले. "शरीराला शरीर मानत नाही आहे. यात कुणाचाही दोष नाही."

शकुनबाईनं कपाळावर हात मारला आणि भिंतीला टेकून खाली बसली. इश्वर एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. भूपेंद्र तेवढा शांत होता. "जाऊ द्या ना वैनी," तो म्हणाला, "तुमी जीवाले लावून घेऊ नोका. तुमी तयार झाल्या, मले तेच लय हाये." देवांगनानं त्याच्याकडे बघितलं नाही. तिला बघवलं नसावं. मलाही बघवत नव्हतं, माझी मला लाज वाटत होती.

गुड्डी स्टुलाकडे बघत होती. चष्म्याकडे. मग माझ्याकडे, मग वहिनीकडे. देवांगनानं नजर चुकवली नाही. त्या दोघींमध्ये काय चाललंय हे त्या घरात फक्त मला कळत होतं. चहाचे कप ट्रेमध्ये खणखणायला लागले.

मला वाटलं, ही आत पळणार. पावसाळ्यात माझ्या खोलीतून पळाली होती तशीच. आणि पळाली असती तर मी तिला दोष दिला नसता. भीती कुणाला वाटत नाही?

"मॅडम," गुड्डी म्हणाली, "मायं तपासा ना परत."

"तुयं कायले?" शकुनबाई रडता रडता वैतागली. "तुयं तं मानत नाई ना शरीर!"

"शरीर मानत होतं, माय." ट्रे आता पुरता तिरका झाला होता, चहा तिच्या पायावर सांडत होता. "मीच मानली नाई. मी मॅडमच्या पाया पडली, म्हनून त्याईनं तसं सांगतलं."

इश्वरच्या तोंडून "काय म्हनली?" एवढं निघालं आणि तो पुढे झाला. पण त्याच्या आधी देवांगना उठली होती. तिनं गुड्डीच्या हातातून ट्रे काढून घेतला, पदरानं तिचा भाजलेला पाय पुसला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमी बसा खाली. तिले बोलू द्या."

भूपेंद्र बहिणीकडे बघत होता. त्याला राग आला की दया आली, मला सांगता यायचं नाही. तो तिला जवळ ये म्हणाला, ती गेली, आणि त्याच्या सुजलेल्या हातावर डोकं ठेवून हमसाहमशी रडली.

रडण्यावर मात्र मी कागद भरत नाही. सगळ्यांसमोर, आई रडत असताना, भाऊ समोर पडलेला असताना कुणीही हो म्हणेल. ते हो खरं की लाजेपोटी, हे मला बघायचं होतं. थोडं सावरू दिल्यावर मी गुड्डीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. दाराबाहेर देवांगना उभी राहिल्याची चाहूल लागली. पर्समध्ये फोन थरथरला. सरांचा मेसेज होता: झालं का? भावजय-दिराचा एकत्र फोटो मिळेल तर बघा. मी फोन पालथा घातला.

"हे बघ," मी तिला म्हणाले, "आता तुझ्या वहिनीचं खरं सांगते. तिचं बसतंय, आणि ती द्यायला तयार आहे. तू नाही म्हणालीस तरी तुझा भाऊ जगेल. तेव्हा लाज म्हणून हो म्हणू नकोस. तुला मनापासून द्यायची आहे?"

तिनं डोळे मोठे केले. वहिनीचं बसतंय हे ऐकून तिला सुटायची वाट दिसली, हे मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. तिनं दाराकडे मान वळवली. कितीतरी वेळ ती दाराकडेच बघत होती, नाटकात वाक्य विसरलेली पोर विंगेकडे बघते तशी. दाराआडून शब्द आला नाही. देवांगना तिथेच होती, तिच्या बांगड्या एकदा वाजल्या.

"मले भेव वाटते," शेवटी गुड्डी म्हणाली. "आता बी वाटून राहिलं. ते लिहा. अना देईन म्हनून लिहा. दोनी लिहा."

मी चष्मा घातला आणि दोन्ही लिहिलं, तिच्याच शब्दांत.